पेठेतल्या वाड्याची दुरुस्ती : आधी पाण्याची वाट, मग दर्शनी भाग

ओसरी

नमस्कार मंडळी,

आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्याचं काम या उन्हाळ्यात सुरू होतंय, म्हणून हा धागा. मदत हवी आहे, आणि त्याहून जास्त हवी आहेत जाणकारांची मतं. वाड्यात माणसं राहतात, म्हणून पत्ता इथे देत नाही. यायचं असेल त्यांनी व्यक्तिगत निरोप (व्यनि) करावा.

वाडा दोन चौकी. रस्त्याला दिंडी दरवाजा, आत पहिल्या चौकाभोवती ओसरी, तळखड्यांवर, म्हणजे दगडी बैठकींवर, उभे सागवानी खांब, वर लाकडी कडीपाट. मागच्या चौकातून परसात उतरलं की आड, दगडी हौद, एक जुनी बकुळ, आणि उरलेल्या जागेत सुबाभूळ, गाजरगवत नि राडारोडा. इथे कुणी पेशवा राहिला नाही की कुठला तह झाला नाही. शनिवारवाड्याला पुरातत्त्व खातं आहे, विश्रामबागेला महापालिका आहे. असल्या बिननावाच्या वाड्यांना त्यांच्या आळीशिवाय कुणीच नाही, आणि पेठा खरं तर अशाच वाड्यांनी बनलेल्या होत्या.

मालकांचे वारस तीन शहरांत विखुरलेले. सगळ्यांची लेखी संमती मिळायलाच सर्वांत जास्त वेळ गेला. ती आता हातात आहे. वाड्यात चार भाडेकरू कुटुंबं आहेत, तीही आमच्या गटात आहेत.

आता मुद्दा. गट जमला तेव्हा पहिली सूचना आली ती दरवाज्याला पॉलिश करायची आणि दर्शनी भिंत रंगवायची. फोटो चांगले येतात, फोटोंवर देणग्या येतात, हे मला मान्य आहे. तरीही माझा आग्रह आहे की पावसाळ्याआधी जे पैसे आणि जे हात मिळतील ते फक्त पाण्यावर खर्च करायचे. पाणी कुठून आत येतं, कुठे साठतं आणि बाहेर कुठून जातं, एवढंच.

पुण्याच्या वाड्याचा भार सागवानी चौकट पेलते. जोतं, म्हणजे खालचा चौथरा, घडीव दगडाचं, त्यावर भाजलेल्या विटा, आणि वरच्या मजल्यांवर बऱ्याचदा मातीतलं बांधकाम, बाहेरून चुन्याचा गिलावा. कोरडा राहिला तर असा वाडा दोन शतकं सहज काढतो. एकदा भिजायला लागला की भिंतीतली माती सुटते आणि भिंतीत गेलेलं तुळईचं टोक कुजतं. ते बाहेरून दिसत नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांत हेच झालं. पाणी ओसरल्यावरही भिजलेल्या भिंती बसत राहिल्या, असं आमच्या आळीतले म्हातारे सांगतात. पूर एका दिवसात जे करतो ते फुटकं कौल पंधरा पावसाळ्यांत करतं.

आमच्याकडे पाणी येतं ते असं. कौलं सरकली आहेत. पन्हळी गंजून पडल्या, त्यामुळे पागोळी थेट भिंतीच्या पायाशी पडते. पहिल्या चौकात कधीतरी जुन्या फरशीवरच मोझॅक घातलं, त्याने चौकाचा उतार फिरला आणि दगडी गटार त्याखाली बुजलं. पाऊस जोरात झाला की चौकातलं पाणी ओसरीच्या पायरीला लागतं. आणि परसात वर्षानुवर्षं राडारोडा टाकून जमीन जोत्याच्या वर चढली आहे, म्हणजे मागची भिंत बारा महिने ओल्या मातीला टेकून उभी आहे. माजघराच्या भिंतीला लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, लागलाय तो त्यामुळेच. आतून तीनदा रंग दिला, तिन्ही वेळा पोपडे आले.

म्हणून कामाचा क्रम : परसातला भराव जोत्याखालपर्यंत उतरवणं, चौकाचं गटार शोधून मोकळं करणं, कौलं परतून घालणं, नव्या पन्हळी. दरवाजा पुढच्या वर्षी.

स्वयंसेवकांनी करण्याजोगं काम मुख्यतः परसातलं. कौलांवर आणि आडात कुणीही चढा-उतरायचं नाही, ती कामं कारागीरच करतील. आणि भिंतीतला पिंपळ कुणी उपटू नये. मुळं दगड घेऊन बाहेर येतात.

काय वाटतं ते मोकळेपणाने लिहा.

---

कसबेकर

फार चांगलं काम. मनापासून अभिनंदन.

परवानग्यांचं बघितलंत का? तुमचा वाडा सदाशिव पेठेत म्हणून सुटलात. आमच्यासारखे शनिवारवाड्याजवळचे वेगळ्याच फेऱ्यात आहेत. केंद्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र, आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित. २०१० च्या कायदादुरुस्तीनंतर प्रतिबंधित पट्ट्यात नवं बांधकाम बंदच आहे. दुरुस्ती करता येते, पण तिलाही सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. बरेच जण हे माहीत नसल्यामुळे किंवा कटकट नको म्हणून काहीच करत नाहीत, आणि मग वाडा आपोआप पडतो.

तुमचा वाडा महापालिकेच्या वारसा यादीत कुठल्या श्रेणीत आहे का, हे आधी तपासा. असेल तर हेरिटेज विभागाला पत्र देऊनच हात लावा. नसेल तरी जिथे तुळई बदलणार तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल जवळ ठेवा. पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक इमारतींना महापालिका कायद्याच्या कलम २६४ च्या नोटिसा लागतात. दुरुस्ती चालू असल्याचा कागद हातात असेल तर बोलायला जागा राहते.

---

पागोळी

क्रमाला शंभर टक्के अनुमोदन. माझ्या माहेरच्या वाड्यात एका ठेकेदाराने सगळ्या बाहेरच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा केला. दोन वर्षं छान दिसलं. मग आतली ओल बाहेर पडेना आणि वरच्या मजल्यावर भिंत आतल्या बाजूने सुटली. आज तिथे पार्किंग असलेली इमारत आहे.

---

स्पष्टच लिहितो

विरोधी मत मांडतो, राग मानू नये. मी वाड्यात वाढलो. दहा बिऱ्हाडांत दोन संडास, पावसाळ्यात घरभर भांडी मांडलेली, आजीला रात्री जिना उतरून मोरीवर जावं लागायचं. वाड्याचं कौतुक करणारे बहुतेक लोक फ्लॅटमध्ये राहतात. भाडेकरूंना नवीन इमारतीत स्वतःच्या नावावर घर मिळत असेल तर त्यांना जुन्या लाकडासाठी अडवायचा हक्क आपल्याला आहे का?

---

दोन खणी

मी त्याच वाड्यात राहते, म्हणून वरच्या प्रतिसादाला मीच उत्तर देते.

तुम्ही लिहिलंत ते सगळं खरं आहे. आमच्याकडे अजूनही परसातच जावं लागतं. गटाच्या पहिल्या बैठकीत मी हेच सांगितलं की माझ्या दारावरची कोरलेली केळफुलं जपायच्या आधी मला घरात संडास द्या. ते मान्य झालं. मागच्या चौकाच्या कडेला, जुन्या लाकडाला भार न लावता, चार स्वतंत्र संडास-न्हाणी होणार आहेत आणि त्यांची सांडपाण्याची वाहिनी चौकाच्या गटारापासून वेगळी असणार आहे. पाण्याचं काम आधी म्हणजे हेही आधी.

इमारतीचं म्हणाल तर दोन विकासक येऊन गेले. वारसांत एकमत नाही, रस्ता अरुंद, मध्येच काम अडकलं तर आम्ही भाड्याच्या घरात किती वर्षं काढायची? आळीत अशी एक जागा पत्रे ठोकून पडली आहे. तिथली माणसं कुठे कुठे गेली मला माहीत आहे.

आणि मला इथे आवडतं. चौकात उन्हाळ्यातही गारवा असतो. शेजारी आहेत. सासूबाई ओसरीवर बसून अख्ख्या आळीशी बोलतात. हेही मोजा.

भाड्याचं एक सांगते, कारण लोक नेहमी भाडेकरूंना बोल लावतात. भाडी १९४७ च्या कायद्यापासून गोठलेली, १९९९ च्या कायद्यातही वाढ नाममात्र. तेवढ्या भाड्यात मालक कौलं कुठून बदलणार? आणि आपल्या मालकीचं नाही त्यात आम्ही किती घालणार? दोघांचं चुकत नव्हतं आणि छप्पर गळतच होतं. आता आम्ही चारही कुटुंबं दरमहा ठरावीक रक्कम दुरुस्ती खात्यात भरतो आणि वारसांनी लिहून दिलंय की त्या कामामुळे कुणाचा ताबा बाधित होणार नाही. हा कागद नसता तर मी गटात आले नसते.

---

स्पष्टच लिहितो

दोन खणी, तुमच्या प्रतिसादाबद्दल आभार. संडासांचं मूळ लेखात असायला हवं होतं, लोकांचा विश्वास त्याने बसतो. रविवारी येतो. फावडं मारता येतं.

---

कळीचा चुना

मी जुन्या इमारतींवर चुन्याचं काम करतो. क्रम योग्य आहे, पण एक बदल सुचवतो. जोत्याचे सांधे आणि माजघराचा गिलावा या उन्हाळ्यात करू नका. मागची भिंत वर्षानुवर्षं ओली आहे. भराव काढल्यावर तिला एक अख्खा पावसाळा आणि त्यानंतरचा हिवाळा वाळू द्या. आत्ता फक्त सांध्यांतलं सिमेंट छिन्नीने हळू काढा आणि आतल्या भिंतीवरचा ऑइलपेंट खरवडा. भिंतीला श्वास घेऊ दे, लोणा बाहेर येऊ दे. वरवर पांढरं येईल ते कोरड्या ब्रशने झाडायचं, पाण्याने धुवायचं नाही, नाहीतर क्षार परत आत जातात. क्षार बाहेर येऊन संपले की मगच चुना.

दुसरं, मे महिन्यात चुना लावणं म्हणजे काम वाया. सिमेंट पाण्याशी संयोग पावून घट्ट होतं. साधा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा दगड होतो, आणि त्या काळात तो ओलसर राहावा लागतो. कडक उन्हात वरचा थर लगेच वाळतो, आतला कच्चा राहतो, बोट लावलं की भुगा. दसऱ्यानंतर सुरू करा, गोणपाट भिजवून वर टांगा.

पण चुना भिजत घालायला आजच सुरुवात करा. चुनखडी साधारण ९०० अंशांवर भाजली की कळीचा चुना मिळतो. तो पाण्यात टाकला की खदखदतो, फुलतो. मग चाळून पाण्याखाली मुरत ठेवायचा. जितका जास्त मुरेल तितका मऊ आणि चिकट होतो, त्यामुळे चार-पाच महिने मिळाले तर उत्तमच. पिंपात झाकून ठेवा, वर कायम पाणी हवं. कळी विरवताना लहान मुलांना लांब ठेवा. डोळ्यांना चष्मा आणि हातांना मोजे सक्तीचे. डोळ्यात चुना गेला तर डोळा जाऊ शकतो.

मिश्रणाबद्दल लोक हटकून विचारतात : गूळ, हिरडा, बेलफळाचं पाणी, उडीद. हे सगळं आपल्याकडे वापरलं जायचं हे खरं, पण कुठल्या भिंतीत काय आहे ते बघितल्याशिवाय ओतू नका. जोत्याला, जिथे ओल राहणारच, तिथे सुरखी, म्हणजे विटेची भुकटी, मिसळली की चुना ओलाव्यातही धरतो. गूळ घातला की लावायला सोपा जातो. आधी हातभर जागेवर नमुना लावा आणि महिनाभर बघा.

लाकडाचंही लिहितो. पूर्ण तुळई बदलायची घाई नको. बहुतेक वेळा भिंतीतलं हातभर टोक गेलेलं असतं, बाकी साग ठणठणीत असतो. टोक कापून त्याच प्रतीच्या सागाचा तुकडा खाच करून जोडता येतो. नव्या सागाला जुन्याची घनता नसते, म्हणून जुना बघा. भवानी पेठेत टिंबर मार्केटमध्ये पाडलेल्या वाड्यांचं लाकूड येतं. ते विकत घेताना मला दर वेळी वाईट वाटतं, पण निदान ते दुसऱ्या वाड्यात जातं.

---

बकुळ

परसाबद्दल लिहिते.

सुबाभूळ काढायचीच, तिच्या शेंगा दरवर्षी नवी रोपं उभी करतात. पण मनाने कुऱ्हाड चालवू नका. १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा शहरातल्या खासगी जागेलाही लागू आहे. झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, मोठ्या छाटणीलाही. आणि तुमची बकुळ ५० वर्षांहून जुनी असेल तर २०२१ च्या दुरुस्तीनुसार ती वारसा वृक्ष ठरते. तिचं वय लावून घ्या, ती नोंद उद्या जागेलाही संरक्षण देईल.

भराव काढताना बकुळीभोवती थांबा. इतकी वर्षं माती चढली म्हणजे तिने वरच्या थरात मुळं पसरली असणार. एकदम उघडी पाडली तर झाड बसेल. बुंध्याभोवती फांद्यांच्या घेराइतकी जागा सोडून भिंतीलगतचा पट्टाच आधी उतरवा आणि मधे दगडाची बुटकी ताल, म्हणजे बांध, रचा.

गाजरगवत फुलायच्या आत, मुळासकट, हातमोजे घालून. त्याने अंगावर पुरळ येतं, दमा असलेल्यांनी हे काम घेऊ नये. पन्नासच्या दशकात याची आपल्या देशातली पहिली ठळक नोंद पुण्यातच झाली होती.

नंतर काय लावायचं? भिंतीजवळ काहीही नको, निदान तीन-चार हात. औदुंबर आवडतो सगळ्यांना, पण भिंतीपासून लांब. प्राजक्त, तगर, अनंत, सोनटक्का, कर्दळ ही वाड्यांच्या परसातली नेहमीची मंडळी. न्हाणीचं पाणी जिकडे जायचं तिकडे केळ आणि अळू असायचं, ते उगाच नव्हतं. लॉन कृपया नको.

---

मोडी वाचक

हौदाबद्दल उत्सुकता आहे. सदाशिव पेठ म्हणजे कात्रजच्या नळाची पेठ. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजला तलाव बांधून तिथून शहरात पाणी आणलं. जमिनीखालून बांधीव नळ, आत माणूस चालू शकेल एवढा, वाटेत हवेसाठी उसासे, आणि पेठांतून ठिकठिकाणी हौद. सगळं नुसत्या उतारावर. काही खासगी वाड्यांनाही त्यातून फाटा दिलेला होता.

तुमच्या हौदाच्या आतल्या बाजूला दक्षिणेकडे, वरच्या थरात, एखादं भोक किंवा मातीचा वा तांब्याचा नळ दिसतो का बघा. दिसला तर छिन्नी लावू नका. आधी फोटो, मोजमाप, नकाशावर नोंद. तसंच मोझॅकखाली जुनी फरशी आणि गटार निघेल तेव्हा प्रत्येक दगडाला नंबर घालून मगच हलवा.

वारसांकडे जुने कागद असतील तर तेही मागा. भाडेपट्टे, वाटण्या, कर्जरोखे यांत चौक, खण, आड, हौद यांचे उल्लेख असतात. मोडीत असतील तर मी वाचून देईन. नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका आणि जुना नकाशाही काढा.

---

गंज पेठ

हौदाचं वाचलं आणि राहवलं नाही. आमच्या पेठेत १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुला केला. त्याआधी, आणि नंतरही, पेठांतल्या बहुतेक हौदांवर कोण पाणी भरू शकत होतं आणि कोण नाही हे ठरलेलं होतं. तुमच्या हौदावरही असणार. वाड्याचा इतिहास लिहून फलक लावणार असाल तर हे त्यात आलं पाहिजे. सागवानाचं कोरीवकाम लिहायचं आणि हे वगळायचं, असं होऊ नये.

दुसरं, परस दुरुस्त झाल्यावर कुणासाठी? लोकांच्या देणग्या आणि लोकांचे हात लागणार असतील तर आठवड्यातून काही वेळ तरी ते सगळ्यांना खुलं हवं.

आणि वेळ घालवू नका. भिडेवाड्यात १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू झाली. वाद वर्षानुवर्षं कोर्टात राहिला आणि वास्तू ढासळत गेली. निकाल लागला तेव्हा स्मारकासाठी ती पाडावीच लागली, डिसेंबर २०२३ मध्ये.

---

दोन खणी

गंज पेठ, फलकाबद्दल पूर्ण सहमत. माझ्या आजेसासूबाईंकडून ऐकलंय की झाडलोट करणाऱ्या बाईला हौदापासून लांब उभं राहावं लागायचं, वरून पाणी ओतायचे. हे माझ्या शब्दांत लिहून देते.

परस खुलं ठेवायला माझी हरकत नाही, पण वाट आमच्या ओसरीवरून नको. घरात तरण्या मुली आहेत, आजारी माणसं आहेत. मागच्या बोळाला एक बंद दार आहे, ते उघडलं तर लोक थेट परसात येतील.

---

ओसरी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी गट बसला, तुमचे सगळे प्रतिसाद मोठ्याने वाचले. ठरलं ते लिहिते.

कळीचा चुना यांचं ऐकून गिलावा आणि सांधे दसऱ्यानंतर. चुना मात्र याच आठवड्यात भिजत घालतोय, जागा दिंडी दरवाज्यामागच्या देवडीत, कुलपात. चौकातल्या भिंतीवर हातभर नमुना तेच लावून देणार आहेत.

भरावाचं काम भिंतीलगतच्या पट्ट्यापासून, बकुळीच्या घेराला हात नाही. सुबाभळीसाठी अर्ज दिला, उत्तर येईपर्यंत फक्त शेंगा आणि रोपं काढायची.

मोडी वाचक, आज सकाळी हौद झाडून बघितला. दक्षिणेच्या भिंतीत, काठापासून दोन वितीखाली, चुन्याने बुजवलेलं गोल तोंड आहे. तसंच ठेवलंय. तो कात्रजचा फाटा असला तरी त्या नळात आता वाटेतलं सांडपाणी मिसळतं, त्यामुळे जोडायचा प्रश्न येत नाही. त्याऐवजी कौलांवरचं पाणी पन्हळीतून हौदात घ्यायचं, हौद भरला की जादा पाणी गाळणीतून आडात सोडायचं असा विचार आहे. पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी बाहेर काढायला वेगळी तोटी. म्हणजे जे पाणी आज भिंत कुजवतंय तेच परसाला पुरेल. यात तांत्रिक चूक दिसत असेल तर आत्ताच सांगा, पन्हळींची मापं गुरुवारी द्यायची आहेत. आडातला गाळ काढणारे कारागीर आधी आतली हवा तपासून उतरतील, तसं त्यांच्याकडून लिहून घेतलंय.

कसबेकर, वारसा यादीची चौकशी आणि इंजिनिअरचा अहवाल दोन्ही सुरू केलं.

फलकाचा मजकूर दोन खणी आणि गंज पेठ यांनी मिळून लिहावा असं सर्वांचं मत पडलं. परस रविवारी सकाळी सर्वांना खुलं, वाट बोळातल्या दाराने. दाराची चौकट वाळवीने खाल्ली आहे, सुताराची ओळख असेल तर व्यनि करा.

येत्या रविवारी सकाळी सातला. पूर्ण बाह्यांचे कपडे, बूट, पाण्याची बाटली. हातमोजे आम्ही देऊ. घमेली कमी पडतील असं दिसतंय, ज्यांच्याकडे असतील त्यांनी घेऊन यावीत.